खेळणं चालेल, वकील नाही

अमेरिकेतल्या इमिग्रेशन न्यायाधीशांसाठी २००७ साली एक सूचनापत्र निघालं. समोर लहान मूल आलं तर सुनावणी कशी चालवावी, हे त्यात सांगितलं होतं. मुलाला हातात खेळणं किंवा पुस्तक घेऊन बसू द्यावं. खुर्ची मोठी पडत असेल तर उशी द्यावी. काळ्या झग्याची भीती वाटत असेल तर न्यायाधीशांनी तो उतरवून ठेवायलाही हरकत नाही. सूचना कुणा समंजस माणसाने लिहिल्या असणार, यात शंका नाही. पण समोरच्या टेबलाशी सरकारी वकील बसलेला असताना मुलाच्या शेजारी कोण बसणार, हा प्रश्न उरतोच. त्याचं उत्तर इमिग्रेशन कायद्यात आधीपासून आहे. मूल असो वा मोठा माणूस, त्याला वकील करता येईल, पण सरकारला त्याचा खर्च पडता कामा नये. मग ज्याच्या खिशात बसभाड्याचेही पैसे नाहीत अशा नऊ वर्षांच्या मुलासाठी वकील आणायचा कुठून? ही पोकळी गेली कित्येक वर्षं फुकट काम करणारे स्वयंसेवी वकील भरून काढताहेत.

ही मुलं कोण? कायद्याच्या लेखी ‘एकटं आलेलं मूल’ म्हणजे वय अठराच्या आत, देशात राहण्याचा कायदेशीर दर्जा नाही आणि सांभाळू शकतील असे आई-वडील किंवा कायदेशीर पालक अमेरिकेत नाहीत. बहुतेक मुलं ग्वाटेमाला, होंडुरास आणि एल साल्वादोर या तीन देशांतली. कुणी टोळीच्या खंडणीला कंटाळून निघतं, कुणी घरातल्या मारहाणीला; कुणाची आई आधीच पुढे गेलेली असते. २०१४ च्या आर्थिक वर्षात मेक्सिकोच्या सीमेवर अशी ६८ हजारांहून अधिक मुलं पकडली गेली. २०२२ मध्ये हा आकडा दीड लाखाच्या आसपास गेला. पंजाब-गुजरातकडून ‘डंकी’च्या वाटेने गेलेली मुलंही आता त्यांत असतात. शेजारी देशांची मुलं सोडली तर बाकीच्यांना ७२ तासांच्या आत आरोग्य खात्याच्या ताब्यात द्यावं लागतं. तिथल्या निवाऱ्यातून मूल बहुधा एखाद्या नातेवाइकाकडे जातं. हद्दपारीचा खटला मात्र त्याच्या पाठोपाठ त्या गावी पोचतो.

कायदा इतका कोरडा का, याचं मूळ एकोणिसाव्या शतकात सापडतं. १८९३ साली काही चिनी मजुरांच्या प्रकरणात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की हद्दपारी ही शिक्षा नव्हेच, ती केवळ प्रशासकीय कारवाई आहे. शिक्षा नाही म्हणजे फौजदारी खटला नाही, आणि फौजदारी खटला नाही म्हणजे सरकारी खर्चाने वकील नाही. पुढे १९६३ साली गिडियन खटल्यात गरीब आरोपीला वकील देणं राज्यावर बंधनकारक झालं. १९६७ साली ॲरिझोनातल्या पंधरा वर्षांच्या एका मुलाच्या प्रकरणात हाच हक्क बालन्यायालयातही आला. शेजारणीला फोनवरून अश्लील बोलल्याचा आरोप त्याच्यावर होता. थोडक्यात, फोनवर घाण बोलल्याचा आरोप असलेल्या मुलाला वकील मिळतो. ज्या गल्लीतून जीव मुठीत धरून पळालं त्याच गल्लीत परत पाठवायच्या मुलाला तो मिळत नाही. कायद्याच्या व्याख्येत हे चपखल बसतंही, पण ती व्याख्या करताना समोर सहा वर्षांचं मूल असेल असं कुणाच्या मनात आलं नसावं.

ही व्याख्या ताणली की काय होतं ते २०१५ साली दिसलं. मुलांना वकील मिळावा म्हणून केलेल्या दाव्यात, इतर न्यायाधीशांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी असलेले इमिग्रेशन न्यायाधीश जॅक वाइल यांची साक्ष झाली. आपण तीन-चार वर्षांच्या मुलांनाही इमिग्रेशन कायदा शिकवलेला आहे. वेळ लागतो, धीर लागतो, पण त्यांना तो कळतो, असं त्यांनी सांगितलं. ही गोष्ट वर्तमानपत्रांत आल्यावर आपलं बोलणं संदर्भ सोडून मांडलं गेलं, असं ते म्हणाले. मला त्यांची थोडी कीवच येते. मुलाला वकील द्यायची गरज नाही ही सरकारची भूमिका शेवटपर्यंत रेटायची, तर मुलाला कायदा कळतो असंच म्हणावं लागतं. तो दावा २०१६ साली नवव्या अपील न्यायालयाने अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर फेटाळला. मूळ प्रश्नाला हात लागलाच नाही.

स्वयंसेवी वकील नेमकं काय करतात हे जवळून पाहिलं की त्यांच्याविषयीचा आदर वाढतो, आणि काळजीही. २००८ साली मायक्रोसॉफ्ट आणि अभिनेत्री अँजेलिना जोली यांच्या पुढाकाराने ‘किड्स इन नीड ऑफ डिफेन्स’ ही संस्था उभी राहिली. न्यूयॉर्कमध्ये ‘सेफ पॅसेज प्रोजेक्ट’ आहे. टेक्सासच्या हार्लिंजनमध्ये अमेरिकन बार असोसिएशनचा प्रकल्प १९८९ पासून चालू आहे. पद्धत साधारण सारखीच. मोठ्या फर्ममधला एखादा वकील, जो एरवी कंपन्यांची विलीनीकरणं करतो, थोडं प्रशिक्षण घेतो. संस्थेतला अनुभवी वकील त्याच्या पाठीशी राहतो आणि एक मूल त्याच्याकडे येतं.

पहिल्या भेटीत मूल बोलत नाही. का बोलावं? गणवेशातल्या अधिकाऱ्याने, निवाऱ्यातल्या कर्मचाऱ्याने, सगळ्यांनी तेच विचारलेलं असतं आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलेलं असतं. हा नवा माणूस आपल्या बाजूचा आहे हे त्याला कशावरून कळणार? कागदावर भाषा स्पॅनिश लिहिलेली असते. ग्वाटेमालाच्या डोंगरातल्या मुलाची घरची भाषा माम किंवा किचे निघते, आणि त्या भाषेचा दुभाषी शोधण्यात आणखी महिना जातो. शिवाय आश्रय हवा असेल तर नुसती भीती पुरत नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गट यांपैकी एखाद्या कारणाने छळ झाला, हे दाखवावं लागतं. ‘मारून टाकू म्हणाले’ एवढं मूल सांगतं. तुलाच का, या प्रश्नाचं उत्तर त्याला ठाऊक नसतं, किंवा ते इतकं लाजिरवाणं असतं की पाचव्या भेटीत निघतं. मेक्सिकन लेखिका वालेरिया लुइसेली यांनी न्यूयॉर्कच्या न्यायालयात अशा मुलांसाठी दुभाषाचं काम केलं आणि मुलांना विचारायच्या चाळीस प्रश्नांच्या फॉर्मभोवती २०१७ साली एक छोटं पुस्तक रचलं. ही गुंतागुंत समजून घ्यायला कायद्याच्या जाडजूड ग्रंथांपेक्षा ते जास्त उपयोगी आहे.

दुसरी वाट ‘विशेष स्थलांतरित बालक’ या दर्जाची. आई किंवा वडील यांपैकी एकाने तरी मुलाचा छळ केला, त्याला टाकलं किंवा त्याची हेळसांड केली, असं सिद्ध झालं तर हा दर्जा मिळू शकतो. पण एका मुलासाठी खटला तीन ठिकाणी चालवावा लागतो. आधी राज्याच्या कौटुंबिक न्यायालयात पालकत्वाचा आदेश, मग इमिग्रेशन खात्याकडे अर्ज, आणि मधल्या काळात हद्दपारीच्या न्यायालयात तारखा. त्यात मुलाचा वाढदिवस आडवा येतो. केंद्राचा कायदा एकविसाव्या वर्षापर्यंत अर्ज घेतो, पण आदेश देणारं न्यायालय राज्याचं असतं आणि अनेक राज्यांत त्याचा अधिकार अठराव्या वर्षी संपतो. न्यूयॉर्कमध्ये पालकत्व एकविसाव्या वर्षापर्यंत मिळू शकतं, टेक्सासमध्ये तसं नाही. म्हणजे मावशी ह्यूस्टनला राहते की ब्रुकलिनला, यावर सतरा वर्षांच्या मुलाचं भवितव्य ठरतं. हे हिशेब वकिलालाच करता येतात, तेही वेळेत गाठ पडली तर.

दर्जा मिळाला तरी ग्रीन कार्डासाठी रांग आहे, आणि ती रांग अमेरिकेतल्या मराठी घरांना चांगलीच परिचयाची आहे. न्यू जर्सीत एच-वन-बी व्हिसावर असलेलं जोडपं दर महिन्याला व्हिसा बुलेटिन उघडतं आणि ईबी-२ किंवा ईबी-३ च्या ओळीत भारताची तारीख किती सरकली ते पाहतं. त्याच तक्त्यात खाली ईबी-४ आहे. टाकून दिलेल्या त्या मुलांचा नंबर तिथे लागतो, रोजगारावर आधारित व्हिसांच्या कोट्यात, धर्मोपदेशकांच्या सोबत, वर्षाला साधारण दहा हजार जागांमध्ये. मुलाला आधार देणारा दर्जा संसदेने नोकरीच्या रांगेत का बसवला, हे मला आजवर समाधानकारक रीतीने कुणी समजावून सांगितलेलं नाही. परिणाम मात्र सरळ आहे. वर्षभरात संपेल म्हणून घेतलेलं काम चार-पाच वर्षं चालतं. तोवर वकील नोकरी बदलतो आणि फाइल दुसऱ्याच्या टेबलावर जाते.

या मेहनतीचं फळ मिळतं. सिराक्यूज विद्यापीठाच्या ‘ट्रॅक’ या केंद्राने २०१४ साली मांडलेल्या हिशेबात, वकील असलेल्या मुलांपैकी ७३ टक्के मुलांना देशात राहता आलं. वकील नसलेल्यांपैकी फक्त १५ टक्के. हा आकडा सगळीकडे उद्धृत होतो, पण तो जपून वाचायला हवा. संस्था ज्या मुलांना वकील देतात, ती आधी चाळून घेतलेली असतात. ज्याची बाजू भक्कम दिसते, त्याला वकील लवकर मिळतो. तेव्हा फरकातला काही भाग निवडीचा आहे.

आणि माझी खरी हरकत या निवडीलाच आहे. वकिलांच्या हेतूंबद्दल माझी तक्रार नाही. परोपकाराला निवड करावीच लागते. फुकट काम करणाऱ्याला कुठलं काम घ्यायचं हे ठरवण्याचा अधिकार असतो, असायलाच हवा. मग सहा वर्षांच्या मुलीला वकील मिळतो आणि मिसरूड फुटलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला मिळत नाही. मोठ्या फर्म मॅनहॅटनमध्ये, वॉशिंग्टनमध्ये, लॉस एंजेलिसमध्ये आहेत. मूल नेब्रास्कातल्या मांस कारखान्याच्या गावी काकाकडे राहत असेल तर त्याच्या वाट्याला कोण येणार? त्यातून काकाच त्याला रात्रपाळीला पाठवत असेल, तर फक्त मुलाशी बांधील असलेला माणूस त्या घराच्या आसपास कुणी नाही. २००८ च्या ज्या कायद्याने या मुलांना बरीच संरक्षणं दिली, त्यानेही वकिलाच्या बाबतीत ‘व्यवहार्य असेल तितपत’ असे शब्द वापरले आणि विनामोबदला काम करणाऱ्यांची सेवा मिळवायचा प्रयत्न करावा असं सांगितलं. इथे राज्याने दुसऱ्याच्या परोपकारालाच आपली यंत्रणा ठरवून टाकलं.

अशी यंत्रणा किती तकलादू असते, ते २०२५ च्या मार्चमध्ये कळलं. काळाच्या ओघात सरकार काही मुलांच्या वकिलांसाठी संस्थांना कंत्राटाने पैसे देऊ लागलं होतं. २१ मार्चला ते कंत्राट बहुतांशी रद्द झालं. सुमारे २६ हजार मुलांचं वकीलपत्र त्यावर अवलंबून होतं. दुसऱ्याच दिवशी, २२ मार्चला, राष्ट्राध्यक्षांनी ॲटर्नी जनरलना एक निवेदन पाठवलं. मोठ्या फर्मचे फुकट इमिग्रेशन खटले लढवणारे विभाग पक्षकारांना खोटं बोलायला शिकवतात, असा आरोप त्यात होता. म्हणजे पगारी वकील काढून घेतले आणि चोवीस तासांत फुकट वकिलांवर संशयाचं बोट रोखलं. त्याच वसंतात अनेक बड्या फर्मवर कार्यकारी आदेशांची कुऱ्हाड पडली किंवा पडण्याची धमकी आली. नऊ फर्मनी तडजोड केली आणि प्रशासनाला मान्य असलेल्या कामांसाठी मिळून नव्वद कोटी डॉलरहून अधिक किमतीची फुकट सेवा देऊ केली. चार फर्म न्यायालयात गेल्या आणि जिल्हा न्यायालयांत जिंकल्या. मुलांच्या बाबतीत सॅन फ्रान्सिस्कोच्या न्यायाधीशांनी १ एप्रिलला निधी तात्पुरता चालू ठेवायला लावला, तोही त्याच २००८ च्या कायद्याच्या आधारावर. पण ‘व्यवहार्य असेल तितपत’ या शब्दांवर दर वेळी इतका भार टाकता येईल, असं समजणं भाबडेपणाचं ठरेल.

सरकारी खर्चाने वकील दिले तर मुलं आणखी येतील आणि करदात्याने हा भार का सोसावा, हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण चांगला वकील कमकुवत दाव्याला पहिल्याच महिन्यात ‘यात दम नाही’ म्हणून सांगतो. वकील असलेलं मूल तारखेला हजर राहतं. वकील नसेल तर न्यायाधीशाला मुलासाठी वेळ द्यावा म्हणून तारीख पुढे ढकलावी लागते, एकदा नव्हे, अनेकदा. त्या तारखांचा खर्चही करदात्याच्याच खिशातून जातो. आणि मूल घर सोडतं ते सीमेपलीकडच्या न्यायालयात वकील आहे का, हे विचारून नव्हे.

भारतीय वाचकाला यात एक विचित्र उलटापालट दिसेल. आपल्याकडे १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार बालकाला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. पॅनलवरच्या वकिलाचं मानधन आणि त्याच्यावरचा कामाचा बोजा पाहिला की त्या हक्काचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. अमेरिकेत हक्क नाही, पण तासाला हजार डॉलर घेणारा वकील एखाद्या होंडुरासच्या मुलीसाठी रात्री बारापर्यंत जागतो. नुसता हक्क पुरत नाही हे आपण दाखवलं आहे, पण तेवढ्यावरून हक्क नसला तरी चालेल असं ठरत नाही.

या मुलांना सरकारी खर्चाने वकील द्यावा असं विधेयक २०१६ साली सिनेटमध्ये मांडलं गेलं, पुढेही मांडलं गेलं आणि रखडलं. उद्या ते मंजूर झालं तर स्वयंसेवी वकिलांचं काय, अशी शंका काही जण काढतात. याचं उत्तर गिडियन खटल्याच्या इतिहासात आहे. १९६३ नंतर रोजचे खटले सरकारी बचाव-वकिलांकडे गेले, आणि बड्या फर्मचे स्वयंसेवक फाशीच्या कैद्यांच्या अपिलांकडे वळले, जिथे वर्षानुवर्षं कागद चाळायला माणसं लागतात. मुलांच्या बाबतीतही तेच करता येईल. पहिल्या तारखेला शेजारी बसणारा वकील सरकारने द्यावा. सामाजिक गटाची व्याख्या बदलून घेणं, अठराव्या वर्षाची अट राज्याराज्यांत लढवणं, ईबी-४ च्या रांगेतून मुलांना बाहेर काढणं, हे काम विलीनीकरणं करणाऱ्या त्या बुद्धिमान मंडळींनी घ्यावं. त्यांना ते आवडेलही.