खवल्याचा भाव

मुकं जनावर वाचवायचं तर आधी त्याचं गाणं करावं लागतं का? कायदा आहे, दंड आहे, तुरुंग आहे. मग मृदुंग-सोंगांचं तिथं काय काम? शिकलेली माणसं हा प्रश्न मोठ्या शब्दांत मांडत असतील. मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. माझ्यापुढं तो आला खवल्या मांजराच्या निमित्तानं.

कोकणात रानाला लागून जन्म काढलेल्या कितीतरी माणसांनी खवल्या पाहिलेला नसतो. तो रात्री बाहेर पडतो. नावात मांजर, पण मांजराशी नातं काही नाही. तोंडात एक दात नाही. लांब चिकट जिभेनं मुंग्या आणि वाळवी खातो. काजूच्या कलमाला वाळवी लागली की आम्ही पैसे मोजून औषध आणतो. हा तेच काम फुकट करतो. मादीला बहुधा एका वेळी एकच पिल्लू, ते आईच्या शेपटीवर बसून फिरतं. धोका वाटला की खवल्या अंगाचा गोळा करून पडून राहतो. बिबट्याचे दातही त्या खवल्यांवर सहसा चालत नाहीत. माणूस मात्र तो गोळा नारळासारखा उचलतो आणि पोत्यात घालतो. जी युक्ती जीव राखायला मिळाली, तीच जिवावर उठते.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला बसवलंय. २०१६ साली जोहान्सबर्गच्या परिषदेत जगातल्या त्याच्या आठही जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव झाला. तरी चोरटा माल जातोच. कशासाठी? तर खवलं औषधी म्हणून. ती खवलं केराटिनची, आपली नखं आणि केस ज्याचे असतात त्याचीच. तसं असेल तर न्हाव्याच्या दुकानातला केर सोन्याच्या मोलानं विकला जायला हवा होता.

तस्करी पकडली की बातमी येते, ‘लाखोंची खवलं जप्त.’ छापणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण वाचणारा त्यातून काय घेतो? एकदा पारावर एका पोरानं मला विचारलं, “आवो तात्या, त्या खवल्याला खरंच लाखाचा भाव हाय काय?” तो राहतो कुठं, खातो काय, हे त्यानं विचारलं नाही. दोष पोराचा नव्हे. त्याला आम्ही जनावराची ओळख करून दिली नव्हती, फक्त किंमत सांगितली होती.

इथं कलेचं काम सुरू होतं असं मला वाटतं. २०२० साली चिपळूण तालुक्यातल्या डुगवे गावात खवलोत्सव झाला. खवल्याची प्रतिकृती करून तिची पूजा झाली, शिमग्यात ग्रामदेवतेला मिळतो तसा मान त्याला मिळाला. आपल्या भाषेत भाव हा शब्द मोठा गमतीचा आहे. बाजारातही भाव आणि देवळातही भाव. बातमीनं पहिला सांगितला होता, त्या उत्सवानं दुसरा जागा केला.

पण मग शंका येते. देव केल्याशिवाय जनावराला जगायचा हक्क नाही का? ज्याची पालखी निघणार नाही त्यानं काय करायचं? घोरपडच घ्या. तीही कायद्यानं राखलेली. गोव्याच्या घुमटावर पूर्वी तिचंच कातडं चढायचं. आता बकऱ्याचं चढवतात. म्हणजे गाणं दयेचं आणि वाद्याचं कातडं त्याच रानातल्या जिवाचं, असंही होऊ शकतं. म्हणून कलेनं दुसऱ्याला शिकवण्याआधी आपला मृदुंग, आपलं घुमट उलटून बघावं. आणि जनावराला देव करायचीही सक्ती नको. ते जसं आहे तसं खरं दाखवलं तरी पुरे. शेपटीवर पिल्लू घेऊन चाललेली आई बघायला देवत्व लागत नाही.

दुसरी शंका जास्त टोचते. सोंगातला शिकारी लाल डोळ्यांचा, मिशीवाला राक्षस असतो. लोक हसतात, टाळ्या पिटतात. खरा माणूस तसा नसतो. तो आपल्यात पंगतीला बसतो, चैत्रानंतर त्याच्या हाताला काम नसतं, पोरीचं लग्न तोंडावर असतं. बाहेरच्या व्यापाऱ्याला आमच्या रानातलं बीळ ठाऊक नसतं. ते दाखवणारा गावचा असतो आणि बघून गप्प बसणारेही गावचेच. राक्षस रंगवला की आपण सगळे सुटतो.

म्हणून मला वाटतं, नमनात बीळ दाखवणारा साध्या सदऱ्यातच यावा, आणि गप्प बसणाराही यावा. रात्रभर सगळी वाडी एका मांडवात बसून ते बघेल, तेव्हा दुसऱ्या दिवशी कुणाला ‘मला ठाऊक नव्हतं’ म्हणता येणार नाही. कायद्याचा माणूस रानात रोज येत नाही, शेजारी रोज असतो. तेवढं झालं तर कलेनं आपलं काम केलं. त्या माणसाच्या हाताला काम कोण देणार, हे मात्र गाण्यावर ढकलू नये. ते मांडव सुटल्यावर गावानं बसून ठरवायचं असतं.