चार मुठी पोहे

सुदाम्याच्या पोह्यांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. त्यात कृष्ण दिसतो, सुदामा दिसतो आणि दोघांच्या मधली फडक्याची पुरचुंडी दिसते. भागवताच्या दशम स्कंधात त्या पुरचुंडीच्या आधीचीही एक नोंद आहे. घरात नेण्याजोगं काहीच नव्हतं, म्हणून सुदाम्याच्या बायकोने शेजारीपाजारी जाऊन चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून नवऱ्याच्या हाती दिले. पुढे द्वारकेत कृष्णाने एक मूठ तोंडात टाकली आणि दुसरी उचलताच रुक्मिणीने त्याचा हात धरला. गोष्ट तिथून सोन्याच्या महालाकडे वळते. पोहे कांडले कुणी, शेजारणीने ते देताना काय म्हटलं, पुरचुंडीला गाठ मारताना त्या बाईला काय वाटत होतं, हे आपण कधी विचारलंच नाही.

मैत्री आणि घरचं साधं अन्न यांच्या सुखाची आपल्याकडची ही सर्वांत लाडकी गोष्ट. ती नेणाऱ्याच्या आणि खाणाऱ्याच्या बाजूने सांगितली गेली. मला वाटतं, साध्या जेवणातल्या आनंदाबद्दल आपण जे काही मानत आलो, ते बरंचसं पानावर बसलेल्याने सांगितलेलं आहे. तेच चुलीपाशी बसलेलीच्या तोंडून यायला फार काळ गेला. आणि ती बोलू लागली तेव्हा त्या आनंदाचा अर्थही बदलला.

सुरुवात फार जुनी आणि फार सुंदर आहे. तैत्तिरीय उपनिषदात भृगू आपल्या बापाला, वरुणाला, ब्रह्म काय ते विचारतो. वरुण त्याला तप करायला सांगतो. भृगूला आधी कळतं की अन्न हेच ब्रह्म. मग प्राण, मग मन, मग विज्ञान आणि शेवटी आनंद. एवढी चढण चढल्यावर ग्रंथ तिथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण तो पुन्हा अन्नाकडे येतो. अन्नाची निंदा करू नये, अन्न टाकू नये, अन्न पुष्कळ पिकवावं, दारी आलेल्याला परत पाठवू नये, अशी व्रतं एकापाठोपाठ एक सांगतो. आनंद सापडलेल्या माणसाने पुढे काय करायचं, याचं उत्तर आलेल्याला जेवू घालणं हे आहे. मला हा विचार भारतीय तत्त्वज्ञानातल्या सर्वांत उमद्या विचारांपैकी एक वाटतो. फक्त दारी आलेल्यासाठी रांधायला उठायचं कुणी, याबद्दल तिथे एक अक्षर नाही.

तिकडे अथेन्समध्ये, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरीस, एपिक्युरस या तत्त्वज्ञाने एक बाग घेतली आणि मित्रांसोबत तिथे राहू लागला. त्या बागेत बायकांना आणि गुलामांनाही जागा होती. रोजचं खाणं भाकरी-पाण्याचं. एका मित्राला त्याने कळवलं होतं, की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात आलं तर मेजवानी करता येईल. पुढच्या लोकांनी त्याच माणसाचं नाव चैनबाजीला चिकटवलं. आपल्याकडे चार्वाकाचं झालं ते यापेक्षा फार वेगळं नाही. कर्ज काढून तूप पिणारा, एवढीच त्याची ओळख उरली. साधं सुख मागणाऱ्या माणसाला बदनाम करण्याची घाई दोन्हीकडे सारखीच दिसते.

मराठीत हा विचार खाणाऱ्याच्या हातून सुटून करणारीच्या हाती आला तो जात्यावर. जनाबाईच्या नावाशी जोडलेली सगळ्यात ठळक प्रतिमा कोणती? विठ्ठल येतो आणि तिच्यासोबत दळायला बसतो. नामदेवाच्या घरच्या दासीला देव भेटला तो तिच्या कामाला हात लावायला आला म्हणून. देवाने नैवेद्य खाल्ल्याच्या कथा आपल्याकडे पुष्कळ आहेत. देव दळायला बसल्याची कल्पना एका दळणारीलाच सुचू शकते.

जड जात्याला दोघी समोरासमोर बसत. खुंटा एकच आणि त्यावर दोघींचे हात. उजाडायच्या आत दळण संपवायचं असे, आणि त्या अंधारात एकीने ओवी धरली की दुसरी ती पुढे नेई. गी पॉइटवाँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रभरच्या गावांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. आज त्या ‘परी’ या संकेतस्थळावर ऐकायला मिळतात. ऐकताना पहिली गोष्ट लक्षात येते ती ही, की भाकरीच्या चवीचं कौतुक तिथे फारसं नाही. भाऊ आहे, माहेर आहे, लेक आहे, पंढरी आहे, सासरचा जाच आहे आणि समोर बसलेली सोबतीण आहे. त्या बायकांचं सुख पदार्थापाशी नव्हतं. दिवसातल्या त्या एका तासात मनातलं बोलता येई आणि ते ऐकायला समोर कुणीतरी असे, तिथे ते होतं. पिठाची गिरणी आली, हाताचे फोड गेले, आणि ते फार बरं झालं. जात्याचा उमाळा येणाऱ्यांनी एकदा पायलीभर ज्वारी दळून बघावी.

साध्या अन्नाच्या वाटेत आपल्याकडे दुसरी एक भिंत उभी होती, ती कुणी कुणासोबत जेवायचं याची. एपिक्युरसच्या बागेत जे सहज घडत होतं, त्यासाठी इथे चळवळी कराव्या लागल्या. समतानंद अनंत हरी गद्रे यांनी झुणका-भाकर हाच सत्यनारायणाचा प्रसाद केला, पूजेला दलित दांपत्य बसवलं आणि सगळ्या जातींच्या माणसांना एका पंगतीत आणलं. त्यांनी मुद्दाम श्रीखंड-पुरी निवडली नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. रोज खायचं तेच सोबत खाल्लं, तर सोबतही रोजची होते.

स्वयंपाकघर छापील पानावर आलं, तिथेही हाच प्रवास दिसतो. १८७५ साली आलेलं ‘सूपशास्त्र’ रामचंद्र सखाराम गुप्ते यांनी लिहिलं. १९१० साली लक्ष्मीबाई धुरंधर यांचं ‘गृहिणीमित्र’ आलं, हजार पाकक्रियांचं. आणि १९७० साली कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’. त्या पुस्तकाने वाटी आणि चमचा ही मापं अशी रूढ केली, की मुंबईच्या खोलीत नव्याने संसार मांडणाऱ्या, घरात विचारायला कुणी मोठं माणूस नसलेल्या मुलीलाही धीर यावा. पिढ्यान् पिढ्या ‘अंदाजाने घाल’ हे सुनेला धाकात ठेवणारं वाक्य होतं. मापामुळे त्यातला धाक गेला. आनंदाला आधी निर्धास्तपणा लागतो, हे मला ‘रुचिरा’ने शिकवलं.

त्याच दशकात गिरणगावात यापेक्षाही मोठी गोष्ट घडली. परळ-लालबागमध्ये गावाहून आलेल्या गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका होत्या. आमच्या चाळीतही अशी एक खानावळ होती. पहिल्या पाळीच्या आधी तिथला स्टोव्ह पेटायचा आणि रात्रपाळीवाला जेवून गेला की विझायचा. पगार होईपर्यंत जेवण उधारीवर, आणि वाण्या-सावकाराचं व्याज त्या बाईच्या डोक्यावर. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केलं. त्या बायकांचे गट केले, एकमेकींना जामीन राहून त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचं कर्ज मिळवून दिलं. हजारो माणसं रोज ‘घरच्यासारखं’ जेवत होती. त्या जेवणामागे काम आहे, त्या कामाला किंमत आहे आणि ते करणारीला पत आहे, हे बँकेच्या कागदावर तेव्हा उमटलं. भृगूपासून सुटून गेलेला प्रश्न इथे कुणीतरी पहिल्यांदा नीट हाती घेतला, असं मी मानते.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो विझत गेला तसा गिरणगावही पांगला. पुष्कळ कुटुंबं नालासोपारा, विरार, वसईकडे आली, त्यांत आम्हीही. आम्ही आलो ते गोखिवरे तेव्हा तुंगारेश्वरच्या पायथ्याचं गाव होतं. तळं, शेतं, आणि रेंज ऑफिसच्या पलीकडे जंगल. आता गाळे आहेत, चाळी आहेत, टॉवर आहेत, टँकर आहेत. २००९ मध्ये वसई-विरार महापालिका झाली आणि २०११ च्या जनगणनेत तिची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. इथे राहणाऱ्या नोकरदार बाईचा दिवस कसा जातो, हे कुणाला सांगायची गरज नाही. पहाटे डबा, वसई रोडला गर्दी, संध्याकाळी परत ओटा.

त्या धबडग्यातही जात्यावरची सोबत नव्या जागी उगवली. लेडीज डब्यात मटार सोलणाऱ्या, मेथी निवडणाऱ्या बायकांचे फोटो लोक कौतुकाने काढतात. मला त्या फोटोंचा जरा रागच येतो, कारण ती निवडलेली भाजी म्हणजे घरी गेल्यावर वाचणारी वीस मिनिटं असतात, आणि ती वीस मिनिटं घरात दुसऱ्या कुणी दिली नाहीत म्हणून गाडीत मिळवावी लागतात. पण त्या ग्रुपमध्ये मीही अनेक वर्षं बसले आहे. तिथे एकीची जुडी चौघी निवडतात. बोलता बोलता एकीच्या नवऱ्याचं आजारपण, दुसरीच्या मुलीचं कॉलेज, तिसरीचं न सांगण्यासारखं काहीतरी, सगळं दहिसर-मीरा रोडच्या दरम्यान हलकं होऊन जातं. राग आणि सुख दोन्ही खरे आहेत. एकासाठी दुसरं खोटं ठरवायची मला गरज वाटत नाही.

पहिल्या पावसाच्या आगेमागे आमच्या नाक्यावर डोंगराकडच्या आदिवासी बाया शेवळं घेऊन येतात. पुढे मग टाकळा, कुरडू, फोडशी, कंटोळी. शेवळं पहिल्यांदा घेतली तेव्हा भाजीवालीनेच टोपलीपाशी बसवून दाखवलं. वरचं जांभळट आवरण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग खुडून टाकायचा, नाहीतर घसा खाजतो. उरलेलं बारीक चिरायचं. सोबत तिने काकडं दिली, आवळ्याएवढी हिरवी, आंबट. ती ठेचून त्यांचा रस भाजीत घालायचा. ‘हा नाय घातला तर माझ्या नावानं बोंब मारशील,’ असं तिने बजावलं. तिची बोटं सोलण्यात इतकी तरबेज, की मी एक सोलेपर्यंत तिचा अर्धा वाटा सोलून झालेला. आता तिची दरवर्षी वाट पाहते. ती आली की आधी बसायला पाट आणि चहा, भाव नंतर.

पण इथे एक गोष्ट बोलायलाच हवी. माझ्यासाठी जी वर्षातून एकदा मिळणारी चैन आहे, ती तिच्या पाड्यावर भात संपल्यानंतरच्या आणि नवं पीक यायच्या आधीच्या दिवसांची भाजी आहे. आज हा पालघर जिल्हा आहे. तो ठाण्याचा भाग असताना, १९९२ मध्ये, जव्हारच्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुलं गेली. साधेपणाचं सुख हे पोट भरलेल्याचं सुख आहे. ज्याला दुसरं काही मिळतच नाही, त्याला ‘साध्यात किती गोडी’ असं सांगणं हा अपमान आहे. उपनिषदाने आनंदानंतर लगेच ‘अन्न पुष्कळ पिकवा’ असं सांगितलं, त्याचं मोल मला या टोपलीपाशी कळलं.

थंडीत आमच्या इमारतीच्या गच्चीवर उकडहंडी लागते. हा इथल्या वाडवळांचा, वसई ते केळवे-माहीम पट्ट्यातला पदार्थ, आणि तो आम्हा उपऱ्यांना तळमजल्यावरच्या वाडवळ काकूंनी दिला. कोनफळ, करांदे, रताळी, वांगी, शेवग्याच्या आणि वालाच्या शेंगा, ओल्या खोबऱ्याचं आणि पातीच्या लसणीचं वाटण, वर ओवा. मडक्याचं तोंड घट्ट बंद करायचं आणि ज्याच्या त्याच्या अंगच्या पाण्यात शिजू द्यायचं. पूर्वी काकू एकट्या सगळं करायच्या आणि आम्ही ताटं घेऊन वर जायचो. गुडघे दुखायला लागल्यावर त्यांनी सरळ सांगितलं, ‘मी खुर्चीत बसून सांगेन, करा तुम्ही.’ तेव्हापासून कोनफळ सोलायला कोल्हापूरचे भाऊ बसतात आणि हाताला खाज सुटली की कुरकुरतात. दुसऱ्या मजल्यावरचे गुजराती शेजारी याला उंधियूची बहीण म्हणतात, आणि त्यावर दरवर्षी वाद होतो. मडकं पुरुष घासतात. ही अट काकूंची. सगळ्यांत जास्त गप्पाही आता त्या घासण्याच्या वेळीच रंगतात.

गेल्या थंडीत काकूंचा नातू पुण्याला नोकरीला होता. खोलीवर मित्रांना जेवायला बोलावलेलं. मडकं नाही, म्हणून कुकरमध्येच उकडहंडी लावायला निघाला होता. त्याने गच्चीवर व्हिडिओ कॉल लावला आणि ओवा किती घालायचा ते आजीला विचारलं. काकू म्हणाल्या, ‘अंदाजानं रे, हाताला कळतं.’ त्यांच्यामागून मडक्याला वाटण चोपडणारे त्याचे वडील ओरडले, ‘आई, त्याला नीट सांग. किलोभर भाजीला सपाट चमचा. आणि मित्रांना सोलायला बसव, एकटा करू नकोस.’