घड्याळ मोडायची चैन

दोस्तहो, कथेला आरंभ-मध्य-शेवट पाहिजेच, ही प्रस्थापितांची अट आपण मानत नाही. पण नुसती ती मोडली म्हंजे क्रांती झाली, असंही नाही. एक दाखला घेऊ.

विल्यम फॉकनरची ‘द साऊंड अँड द फ्युरी’ ही कादंबरी १९२९ सालची. अमेरिकेतल्या मिसिसिपीतलं, पडतीला लागलेलं एक गोरं घराणं. भाग चार, तारखा उलटसुलट : ७ एप्रिल १९२८, मग एकदम २ जून १९१०, मग १९२८चेच ६ आणि ८ एप्रिल. पहिले तीन भाग तीन भाऊ ‘मी’ म्हणून सांगतात. बेंजीला बोलताच येत नाही. त्याच्या डोक्यात काल न् आज एकच. क्वेंटिन आत्महत्येच्या दिवशी बापानं दिलेल्या घड्याळाचे काटे उपटून टाकतो.

बर्गसाँ हा तत्त्वज्ञ सांगतो, घड्याळाचा काळ वेगळा, जगण्याचा वेगळा. जगण्यात भूतकाळ आजमध्ये मुरत जातो. म्हणून ही मोडतोड खोटी नाही. माणूस हा घडीव पुतळा नव्हे. बुद्धानं अनात्म सांगितला तो याच्या कितीतरी आधी. सार्त्रनं मात्र १९३९ साली हरकत घेतली : फॉकनरची माणसं धावत्या गाडीत मागं तोंड करून बसल्यासारखी, त्यांना भविष्यच नाही.

हरकत रास्त. आपला सवाल त्याच्याही पुढचा आहे.

चौथ्या भागात डिल्सी आहे, घरची काळी मोलकरीण. स्वयंपाकघरातल्या घड्याळाला एकच काटा. ठोके पाच पडतात, ती म्हणते आठ वाजले. क्वेंटिनला काळ मोडायची चैन आहे. डिल्सीला मोडका काळ दुरुस्त करून राबावं लागतं. आणि नेमका तिच्याच भागात ‘मी’ नाही. लेखक बाहेरून सांगतो. कुणी म्हणेल, गोऱ्यानं काळ्या बाईच्या मनात शिरायचा आव आणला नाही, हा प्रामाणिकपणा. असेल. पण मुक्या बेंजीच्या मनात तो शिरलाच ना?

१९७२ साली दलित पँथरनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या काळ्यांच्या चळवळीवरून. तेव्हा डिल्सी आपल्याला परकी नाही.

म्हणून तंत्राला नकार नको. आपलाही भूतकाळ सरळ रेषेत येणार नाही. फक्त लिहिताना दोन गोष्टी तपासा : ‘मी’ कुणाला दिला, आणि उद्याचा दिवस कुणाला दिला. आपल्या कथेतली आई, बहीण स्वतः बोलते का? की तीही नुसती राबताना दिसते?