उजवी लेन कुणाची?



मागच्या महिन्यात एका कामासाठी पुण्याला जाण्याचा योग आला. सोबत आमचे एक निवृत्त, वयोवृद्ध फादर होते. कळंबोली सोडून आम्ही द्रुतगती मार्गाला लागलो. सकाळची वेळ, हवा छान, गाडी मजेत चालली होती. खालापूरच्या अलीकडे आम्ही एका मोटारीच्या मागे जाऊन अडकलो. सर्वांत उजवीकडची लेन, आणि त्या मोटारीचा वेग ऐंशीच्या आसपास. मधल्या लेनमध्ये ट्रक आणि टेम्पोंची रांग, त्यामुळे डावीकडे जाण्याची सोय नाही. त्या मोटारीच्या पुढे मात्र नजर पोहोचेल तिथवर रस्ता मोकळा. मी एकदा दिवा दाखवला, दोनदा दाखवला. मग हॉर्न दिला. ती ना वेग वाढवी, ना बाजूला होई.

आपल्यापैकी जे गाडी चालवतात त्यांना पुढचे सांगायला नको. पहिले मिनिटभर माणूस समजूतदार असतो. दुसऱ्या मिनिटाला तो पुढच्या ड्रायव्हरचे वय, शिक्षण आणि गाव ठरवून मोकळा होतो. तिसऱ्या मिनिटाला माझ्या तोंडून एक शब्द गेला. तो इथे छापत नाही, कारण हे पत्रक घरी जाते आणि मुलेही वाचतात.

शेजारी बसलेले फादर डोळे मिटून जपमाळ करत असावेत असा माझा समज होता. डोळे न उघडता त्यांनी विचारले, “तो तुला ओळखतो का रे?”

“कोण?”

“पुढचा. तू एवढा रागावलास म्हणून विचारलं. ओळख नसताना एवढा राग कसा येतो?”

मी काही उत्तर दिले नाही. त्या प्रश्नावर मात्र पुढे बरेच दिवस विचार करत राहिलो.

आधी हिशेब सांगतो, कारण हिशेब सोपा आहे. हा मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाला. लांबी सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, जायला तीन लेन आणि यायला तीन. सपाट भागात मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. म्हणजे मी ऐंशीच्या वेगाने अडकलो तर दहा किलोमीटरला साडेसात मिनिटे लागतात, शंभरने गेलो असतो तर सहा. माझे नुकसान दीड मिनिटाचे. पुण्याला पोहोचल्यावर मी चहा घेतला, वर्तमानपत्र चाळले, त्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासाबद्दल मला कुणाचा राग आला नाही.

आणखी एक गोष्ट गाडीत बसून लक्षात येत नाही. समजा, मधल्या लेनमधला ट्रक ऐंशीने चालला आहे आणि एक मोटार पंच्याऐंशीने त्याला ओलांडते आहे. दोघांच्या वेगातला फरक ताशी पाच किलोमीटर, म्हणजे सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. ट्रकची लांबी आणि मागचे-पुढचे अंतर धरून साठ मीटर पुढे जायचे तर चाळीसहून अधिक सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती मोटार एक किलोमीटर रस्ता कापते. मागच्याला वाटते, हा उजव्या लेनमध्ये ठाण मांडून बसला. प्रत्यक्षात तो ओव्हरटेकच करत असतो, सावकाश.

पण सगळेच असे नसतात, हेही खरे. काही जण एकदा उजवीकडे आले की उतरेपर्यंत तिथेच राहतात. आपल्या अहमदाबाद हायवेवर त्याचे कारणही मला समजते. डाव्या लेनमध्ये गावचे रस्ते येऊन मिळतात, दुचाकी आणि रिक्षा चालतात, ट्रक उभे असतात, मधूनच एखादा उलट्या दिशेने येतो, पावसाळ्यात खड्डे पाण्याखाली जातात. उजवी लेन त्या मानाने साफ. माणूस तिथे घाईसाठी जात नाही, सुखासाठी जातो. पण त्याच्या सुखामुळे मागचे लोक डावीकडून काढू लागतात. आपल्याकडे ट्रकचा ड्रायव्हर उजव्या बाजूला बसतो. त्याच्या डाव्या कुशीला आलेली लहान गाडी त्याला सहज दिसत नाही, म्हणून तर क्लीनर खिडकीतून हात काढून इशारे करत असतो. उजवीकडे एकाने जागा अडवली की डावीकडे दुसराच कुणी मरू शकतो.

तेव्हा माझा राग अगदीच खोटा नव्हता. सेमिनरीत आम्हांला तत्त्वज्ञान शिकवले जात असे, त्यात ॲरिस्टॉटलचा एक दाखला होता तो मला फार आवडायचा. राग हा उतावळ्या नोकरासारखा असतो, मालकाचे पूर्ण ऐकून न घेताच धावत सुटतो. म्हणजे राग बुद्धीचे ऐकतो, पण अर्धेच. ‘अन्याय झाला’ एवढे तो ऐकतो. ‘कुणी केला, किती केला, मुद्दाम केला का’ हे ऐकायला थांबत नाही. संत थॉमस अक्वायनस यांनी पुढे जाऊन असेही म्हटले आहे, की जिथे रागवायला हवे तिथे अजिबात न रागावणे हासुद्धा दोष आहे. परीक्षेत हे मी झकास लिहिले होते.

आमच्या निवृत्त फादरांच्या प्रश्नात हेच सगळे होते. राग येतो तो नुकसानामुळे नव्हे, अवमानामुळे. दगड पडून रस्ता बंद झाला तर आपण तासभर थांबतो, कुरकुरतो, शेंगदाणे खातो. पुढच्या माणसाने दीड मिनिट अडवले तर रक्त तापते, कारण आपण मनात धरलेले असते की त्याने आरशात पाहिले, मला ओळखले आणि ठरवून मला किंमत दिली नाही. तो मला ओळखत नाही, ही साधी गोष्ट रागाला परवडत नाही.

संत इग्नाती लोयोला यांनी आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात आरंभीच सांगितले आहे, की शेजाऱ्याच्या बोलण्याचा शक्यतो चांगला अर्थ लावावा, आणि तो लागत नसेल तर त्यालाच विचारावे. घरात, शेजारात, पॅरिश कौन्सिलमध्ये हे जमू शकते. (जमते असे मी म्हणत नाही.) हायवेवर विचारायचे कसे? तिथे आपल्याकडे बोलायला फक्त हॉर्न असतो, आणि त्या भाषेत एकच शब्द आहे. ‘दादा, जरा जाऊ देता का’ हेही त्यातच म्हणायचे आणि शिवीही त्यातच द्यायची. ऐकणाऱ्याने काय ऐकले ते ऐकणाऱ्याच्या मनावर. २००७ साली व्हॅटिकनमधून वाहनचालकांसाठी दहा आज्ञा प्रसिद्ध झाल्या, तेव्हा वर्तमानपत्रांनी त्याची थोडी गंमत केली होती. त्यांतली पहिली आज्ञा हत्येविषयीची आहे. दुसरी सांगते की रस्ता हे माणसामाणसांतल्या सहभागाचे साधन व्हावे. तेव्हा मलाही ती जरा अतिशयोक्ती वाटली होती. काचा वर केलेल्या दोन गाड्यांमध्ये कसला सहभाग?

इथवरचे लिखाण तयार झाले होते. लेख छापायला द्यायचा तेवढा बाकी होता. मग दोन रविवारांपूर्वी आपल्याच धर्मग्रामातल्या एका कुटुंबात मुलीचा स्नानसंस्कार झाला आणि जेवणासाठी मी त्यांच्या घरी गेलो.

मुलीचा बाप हौशी माणूस, बोलका. तिच्या जन्माची गोष्ट तो पाहुण्यांना रंगवून सांगत होता. पत्नी माहेरी, डहाणूच्या बाजूला गेली होती. नाव घातले होते वसईच्या इस्पितळात. तारखेला अजून तीन आठवडे होते. ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी अचानक कळा सुरू झाल्या. धो धो पाऊस. हा गाडी चालवतोय, पत्नी मागच्या सीटवर, तिची आई तिचे डोके मांडीवर घेऊन रोझरी म्हणतेय. “आणि फादर, सकवारच्या पुढे एक पांढरी गाडी उजवी लेन धरून साठने चाललेली. मी लाईट मारतोय, हॉर्न देतोय, तो काही हलेना. सासूबाई एक नमो मरिया म्हणायच्या आणि एक शिवी द्यायच्या, एक नमो मरिया, एक शिवी!” सगळे हसले. मीही हसलो. “मागचा एक ब्रेकलाईट बंद होता त्याचा. खानिवड्याच्या टोल नाक्यापर्यंत तसंच. तिथे लेन बदलून सुटलो एकदाचे.”

कुणीतरी विचारले, “हलला का नाही पण?”

“म्हातारा असेल कुणीतरी,” तो म्हणाला. “पावसात आरसा दिसला नसेल बिचाऱ्याला.”

माझा घास तसाच हातात राहिला. ऑगस्टमध्ये तलासरीच्या बाजूला आमची एक बैठक होती. येताना पाऊस होता. माझ्या गाडीचा डावा ब्रेकलाईट बंद असल्याचे मला मेकॅनिकने सप्टेंबरमध्ये दाखवले आणि मी तो बदलून घेतला. ती संध्याकाळ मला स्वच्छ आठवते. डाव्या लेनमध्ये पाणी साचले होते म्हणून मी उजवीकडे होतो, इथपर्यंत ठीक. मागून दिवे आले. मी आरशात पाहिले. मला वाटले, एवढ्या पावसात कसली ही मस्ती! मी काही चुकीचे करत नाही, मी सुरक्षित वेगाने चाललो आहे, याने जरा धीर धरायला शिकावे. मध्ये एकदा डावीकडे चांगली जागा झाली होती, पाणीही नव्हते. ती मला दिसली. मी गेलो नाही.

पुण्याच्या रस्त्यावरचा तो ऐंशीवाला मुद्दाम अडवत होता की नाही, हे मला कधीच कळणार नाही. सकवारच्या पुढचा साठवाला मुद्दाम अडवत होता, हे मला ठाऊक आहे. मी त्याला शिकवत होतो. पुढचा मागच्याला धीर शिकवतो, मागचा पुढच्याला नियम शिकवतो, आणि स्वतःचा धडा प्रत्येकाने दुसऱ्याच्या वहीत लिहून दिलेला असतो. मला धीराचा शिक्षक कुणी नेमले? आणि ज्याला मी शिकवत होतो त्याच्या मागच्या सीटवर काय चालले होते?

त्या तरुणाने मात्र इग्नातींचे पुस्तक न वाचता तेच केले होते. चांगला अर्थ लावला होता. तो अर्थ चुकीचा होता. मग त्याचे चुकले का? यावर मी पुष्कळ विचार केला. मला वाटते, त्याचे चुकले नाही. अर्थ लावणे हे त्याचे काम होते आणि त्याच्या हातात जेवढे होते तेवढ्यावरून त्याने ते नीट केले. अडचण माझी आहे. त्याने मनातल्या मनात एका म्हाताऱ्याला, ज्याला आरसा दिसला नाही, माफ करून टाकले. त्या टेबलावर मी ती माफी गुपचूप खिशात घातली आणि वर कोंबडीचा रस्सा घेतला. ती माझी नव्हती. मला आरसा दिसला होता.

जेवताना मी काही बोललो नाही. सणाच्या दिवशी कशाला, असे स्वतःला सांगितले. पुढचे दहा-अकरा दिवस तेच सांगत राहिलो.

गेल्या गुरुवारी संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो आणि सांगितले. तो तरुण आधी बघतच राहिला आणि मग मोठमोठ्याने हसू लागला. “फादर, काय सांगता! तुम्ही?” आणि पत्नीला हाका मारू लागला. तीही हसली. तिची आई अजून लेकीकडेच आहेत. त्या हसल्या नाहीत. उठून आत गेल्या. मी या आठवड्याच्या पत्रकात हे लिहिले तर चालेल का, नाव देणार नाही, असे मी त्या दोघांना विचारत होतो, तेवढ्यात त्या चहा घेऊन बाहेर आल्या. कप माझ्यापुढे ठेवला. नात पाळण्यात झोपली होती, तिच्याकडे पाहत उभ्या राहिल्या.

“आमचे लाईट दिसत होते तुम्हांला?” त्यांनी विचारले.

“दिसत होते.”

“मग तसंच लिहा,” त्या म्हणाल्या. “दिसलं नाही असं लिहू नका.”