बिघाड कोणत्या बाजूला कलतो

यंत्राचा आराखडा करताना ते चालू असताना काय करील हे तर ठरवावे लागतेच. परंतु ते बिघडेल तेव्हा त्याचा कल थांबण्याकडे असेल की सुटण्याकडे, हेही त्याच वेळी ठरत असते, आणि हा दुसरा निर्णय पुष्कळदा पहिल्याहून अधिक जबाबदारीचा असतो. बोरघाटातून १८६३ मध्ये रेल्वे सुरू झाली. त्या घाटात उतरणाऱ्या गाड्यांसाठी जे उपाय योजले गेले, त्यांत हा विचार स्पष्ट दिसतो. कॅच सायडिंग, म्हणजे ताबा सुटलेल्या गाडीला मुख्य मार्गावरून बाजूला घेऊन चढावर नेणारा फाटा, याचे सांधे मुळातच फाट्याच्या बाजूला लावलेले असतात, आणि उतरणारी गाडी आधी थांबून आपण ताब्यात असल्याचे दाखवते तेव्हाच तिला मुख्य मार्ग खुला होतो. भारतीय रेल्वेने दीर्घकाळ वापरलेल्या व्हॅक्यूम ब्रेकची रचनाही अशाच जातीची होती. गाडीच्या लांबीभर जाणाऱ्या नळीतील हवा काढून घेऊन निर्वात राखला की ब्रेक सुटलेले राहत, आणि नळी फुटली किंवा डबा तुटून मागे राहिला की बाहेरची हवा आत शिरून ब्रेक आपोआप लागत. अवजड ट्रकच्या पार्किंग ब्रेकमध्ये हेच काम आज स्प्रिंग करते: दाबाखालची हवा स्प्रिंगला मागे धरून ठेवते, आणि हवा गेली की स्प्रिंग चाक अडवते. या तिन्ही ठिकाणी बिघाडाचा कल थांबण्याकडे आहे.

इंजिनातून धूर जाण्याची वाट अडवून गाडी मंद करणाऱ्या, निर्वातावर चालणाऱ्या एक्झॉस्ट ब्रेकचा कल मात्र याच्या नेमका उलट आहे. त्याला निर्वात पुरवणारा पंप निकामी झाला तर काहीही घडत नाही, आणि काहीही न घडणे हाच त्याचा धोका आहे. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात ट्रक तयार होतात, भरले जातात आणि दुरुस्तही होतात. त्यामुळे या लहानशा पंपाच्या निमित्ताने दुरुस्ती नावाच्या कामाचा विचार करण्यासाठी याहून योग्य भूमी शोधावी लागणार नाही.

चाकणच्या कारखान्यांतून निघालेला माल न्हावा शेवा बंदराकडे जाताना बोरघाट उतरतो. लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे आणि खोपोली साधारण ६० मीटरवर, म्हणजे काही किलोमीटरच्या अंतरात ट्रक साडेपाचशे मीटरहून अधिक खाली येतो. मालासह पंचवीस टन वजनाचा ट्रक एवढा उतरतो तेव्हा जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती सुमारे १३५ मेगाज्यूल, म्हणजे जवळजवळ पावणेचार लिटर डिझेल जाळल्यावर मिळणाऱ्या उष्णतेइतकी भरते. ही सारी उष्णता चाकांतील लायनर आणि ड्रम यांच्यावर टाकली, तर ते तापून त्यांचे घर्षण घटते, आणि चालकाने पेडल कितीही दाबले तरी गाडी थांबत नाही. १९३१ मध्ये अमेरिकेत क्लेसी कमिन्स हे इंजिननिर्माते स्वतः एका ट्रकमधून कॅलिफोर्नियातील कहोन खिंड उतरत असताना ब्रेक निकामी झाले आणि ते थोडक्यात बचावले. इंजिनलाच ब्रेक बनवण्याच्या त्यांच्या पुढच्या संशोधनाचे मूळ या अनुभवात होते, आणि त्यातून निघालेला ब्रेक जेकब्स या कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला. उतारावरची ऊर्जा चाकांच्या आधी इंजिनाने खावी, ही कल्पना त्यामागे आहे.

एक्झॉस्ट ब्रेक हे त्याच कल्पनेचे अधिक साधे रूप आहे. इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या पाइपमध्ये एक गोल झडप बसवलेली असते. चालकाने कळ दाबली की डिझेलचा पुरवठा थांबतो, झडप मिटते आणि सिलिंडरांतून बाहेर पडू पाहणारी हवा पाइपमध्ये कोंडली जाते. गिअरमध्ये असलेली चाके इंजिन फिरवतात, इंजिनाला त्या कोंडलेल्या हवेविरुद्ध जोर करावा लागतो आणि तो जोर शेवटी गाडीचा वेग खातो. ही झडप मिटवण्यासाठी मोठ्या, एअर ब्रेकच्या ट्रकमध्ये दाबाखालची हवा वापरली जाते. ज्या हलक्या ट्रकमध्ये हवेची टाकी नसून हायड्रॉलिक ब्रेकला पेडलचा जोर वाढवणाऱ्या निर्वाताच्या बूस्टरची जोड असते, त्या वर्गातील काही गाड्यांत एक्झॉस्ट ब्रेकची झडपही निर्वातानेच ओढली जाते. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटल असल्यामुळे निर्वात आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात परंपरेने तशी अडवणूक नसते, म्हणून त्यासाठी वेगळा पंप लागतो, आणि पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागे त्याच दांड्यावर बसवलेला असतो. पुण्यात तयार झालेल्या आणि १९८६ पासून रस्त्यावर असलेल्या टाटा ४०७ सारख्या गाड्यांनी निर्वाताच्या बूस्टरची ही ओळख गावोगावच्या गॅरेजांना करून दिली.

येथे निर्वाताविषयी एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. पंप झडप ओढत नाही. तो पातळ पडद्याच्या, म्हणजे डायाफ्रामच्या, एका बाजूची हवा काढून घेतो, आणि दुसऱ्या बाजूची वातावरणाची हवा पडद्याला ढकलते. पंधरा सेंटिमीटर व्यासाच्या डायाफ्रामवर ६०० मिलिमीटर पाऱ्याइतका निर्वात असेल तर हा रेटा सुमारे १४० किलो वजनाएवढा होतो. काम करणारी शक्ती अशी बाहेर, सर्वत्र आणि फुकट उपलब्ध असल्यामुळे बिघाडाचे स्वरूपही वेगळे होते. तेलाची नळी फुटली तर जमिनीवर डाग पडतो, एअर ब्रेकची नळी फुटली तर फुसफुस ऐकू येते. निर्वाताच्या नळीला चीर गेली तर काहीही बाहेर येत नाही, हवा फक्त आत जाते. बूस्टरची ताकद गेली तर निदान पेडल कडक लागते आणि चालकाला शंका येते. एक्झॉस्ट ब्रेकच्या बाबतीत तेवढीही सूचना मिळत नाही, कारण भोसरी, मोशी, कुरुळी आणि चाकण यांच्या दरम्यानच्या सपाट, कायम तुंबलेल्या रस्त्यावर त्याची गरजच पडत नाही. महिनोन्‌महिने मेलेला पंप घेऊन गाडी धावू शकते, आणि त्याची पहिली विचारणा खंडाळ्याच्या उतारावर होते.

रचनेने जेथे बिघाड मूक ठेवला आहे, तेथे त्याला वाचा देण्याचे काम माणसावर येते. निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरीत किंवा नाशिक महामार्गाच्या कडेच्या गॅरेजात हे काम चांगला मिस्त्री ज्या क्रमाने करतो, तो क्रम पाहण्यासारखा आहे. तो आधी पंपाला हात लावत नाही. पंपाच्या तोंडाशी टी जोड लावून तो गेज बसवतो, इंजिन मंद गतीवर ठेवतो आणि काटा किती लवकर चढतो व कुठे थांबतो हे पाहतो. मग पुढची नळी चिमट्याने दाबून बंद करतो. नळी बंद केल्यावर काटा झपाट्याने वर गेला, तर पंप निरोगी आहे आणि हवा पुढे कुठेतरी शिरते आहे. काटा तरीही खालीच राहिला, तर दोष पंपात आहे. पुढे जाऊन तो इंजिन बंद करतो आणि काटा किती वेळ टिकतो ते बघतो, कारण हवेला एकाच दिशेने जाऊ देणारी नॉन-रिटर्न झडप आपले काम करते आहे की नाही हे तेव्हाच समजते. त्यानंतर एक्झॉस्टची झडप हाताने फिरवून पाहिली जाते. कित्येकदा निर्वात पूर्ण असतो आणि काजळीने जाम झालेली झडपच हलत नाही. प्रत्येक पायरीवर शंकेचे क्षेत्र निम्मे होत जाते. ही तर्कपद्धती कोणत्याही प्रयोगशाळेत मान्य व्हावी अशी आहे, आणि ती शिकवण्यासाठी बहुधा उस्तादाच्या शेजारी उभे राहण्याखेरीज दुसरी सोय नसते.

गेजवरचा आकडा वाचण्यातही स्थानाचे ज्ञान लागते. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. पुण्याच्या परिसरात, सुमारे ५६० मीटर उंचीवर, तो ७१० च्या आसपास भरतो. निर्वात हा या दाबातूनच वजा होत असल्यामुळे समुद्रसपाटी गृहीत धरून लिहिलेल्या पुस्तिकेतील आकडा येथील सर्वोत्तम पंपही गाठू शकत नाही. तो चाळीस-पन्नास मिलिमीटर कमीच दाखवणार. हे न कळणारा माणूस चांगला पंप मोडीत काढील आणि नवा बसवूनही समाधान पावणार नाही. उलट, येथला आकडा म्हणून प्रत्येक तूट माफ करणारा माणूस खरोखर थकलेला पंप घाटात पाठवील. या दोन चुकांमधली अरुंद जागा म्हणजेच कौशल्य होय.

दोष पंपाचाच ठरला, तर तो उघडल्यावर जे दिसते ते महत्त्वाचे आहे. गोल पोकळीत एका बाजूला सरकवून बसवलेला रोटर, त्याच्या खाचांत मागेपुढे सरकणाऱ्या पट्ट्या, ज्यांना गॅरेजात सरसकट ब्लेड म्हणतात, आणि इंजिनातून येणारे तेल, एवढाच हा संसार आहे. तेल येथे दोन कामे करते: ते झीज थांबवते, आणि पट्टी व भिंत यांच्यातील बारीक फट भरून हवा अडवते. म्हणून निकामी पंपात ब्लेडच्या कडा झिजून बोथट झालेल्या आणि पोकळीच्या भिंतीवर लाटांसारखे ओरखडे उठलेले आढळतात, तेव्हा खरा प्रश्न ब्लेडचा राहत नाही. तेल का पोचले नाही, हा असतो. पंपाला तेल देणाऱ्या नळीच्या टोकाशी असलेल्या पोकळ बोल्टचे छिद्र काडीएवढे बारीक असते. इंजिन तेल वेळेवर न बदलल्यामुळे साचलेला काळा गाळ किंवा मागच्या वेळी गॅस्केटला फासलेल्या जादा सीलंटचा एखादा कण ते बुजवू शकतो. असे छिद्र तसेच ठेवून नवा पंप चढवला, तर तोही त्याच वाटेने जातो. ऑइल सील गळत असेल तर तेल अल्टरनेटरमध्ये उतरते, आणि मालक चार्जिंगची तक्रार घेऊन इलेक्ट्रिशियनकडे जातो, जो अल्टरनेटर साफ करून देतो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो.

सुटा भाग बदलणे आणि बिघाड दूर करणे यांत हा फरक आहे, आणि तो पुसला जाण्यामागे अज्ञानापेक्षा हिशेब अधिक कारणीभूत आहे. गॅरेजच्या बिलात सामानाची किंमत असते आणि मजुरी असते; शोधाला रकाना नसतो. गेज लावून, नळ्या चिमटून, काटा पाहत घालवलेला अर्धा तास मालकाच्या डोळ्यांना रिकामा वाटतो, तर नव्या पंपाचे खोके त्याला पैशांचा मोबदला वाटतो. भाडे ठरलेले, माल भरलेला, बंदरातली वेळ नेमून दिलेली, अशा गाडीचा मालक एक्झॉस्ट ब्रेकची नळी तात्पुरती बांधून टाकायला सांगतो, जेणेकरून निदान बूस्टरला निर्वात पुरेल. हा निर्णय त्या क्षणी शहाणपणाचाही असू शकतो, कारण बूस्टरचे महत्त्व अधिक आहे. पण बांधलेली नळी सोडायला कोणी परत येत नाही, आणि पुढे गाडी विकली गेली तर नव्या चालकाला ती कळ कशाचीच नाही हे ठाऊकही नसते. मिस्त्रीची नैतिक स्थिती येथे विलक्षण कठीण आहे. ज्या माणसाच्या जिवाची हमी तो देतो तो बहुधा पैसे देणारा नसतो, आणि काम खरे ठरेल तेव्हा तो स्वतः कित्येक किलोमीटर दूर असतो.

चांगली दुरुस्तीही चालकाच्या एका सवयीपुढे निरुपयोगी ठरते, हे मान्य करणे भाग आहे. उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करून सोडली की चाके आणि इंजिन यांचा संबंध तुटतो, आणि एक्झॉस्ट ब्रेकला अडवायला काही उरत नाही. इंजिनच बंद केले तर निर्वाताचा पंप आणि एअर ब्रेकला हवा पुरवणारा कॉम्प्रेसर दोन्ही थांबतात. २० नोव्हेंबर २०२२ रोजी पुण्याच्या नवले पुलाजवळ उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनाने अनेक गाड्यांना धडक दिली, तेव्हा सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याची चर्चा झाली. नंतर प्राथमिक तपासात चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे सांगण्यात आले. चालकाला दोष देऊन हा विषय संपत नाही. ज्याने एक्झॉस्ट ब्रेक कधी नीट लागलेला अनुभवलाच नाही, त्याला गिअरमध्ये उतरण्याचा फायदा जाणवणार कसा? न चालणारे यंत्र वाईट सवय शिकवते, आणि पंप दुरुस्त झाल्यावरही ती सवय मागे राहते.

या पट्ट्यात वाहनांच्या ज्ञानाची उणीव नाही. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ मध्ये स्थापन झालेली ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया आहे, भोसरीत १९६७ पासून सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, आणि कारखान्यांत प्रत्येक बोल्ट किती जोराने आवळला याची नोंद ठेवली जाते. ही नोंदीची शिस्त कारखान्याच्या फाटकाशी संपते आणि गाडी गॅरेजात येते तेव्हा तिच्या निर्वाताचा मागचा आकडा कोणाकडेही नसतो, ही गोष्ट मनाला लागणारी आहे. निर्वात ठरावीक पातळीखाली गेला की दिवा लावणारा स्विच ही काही नवी युक्ती नाही. आहे त्या गाडीलाही तो बसवता येतो, आणि मूक बिघाडाला तो निदान बोलता करतो. त्याहून स्वस्त उपाय वहीचा आहे. प्रत्येक सर्व्हिसिंगच्या वेळी मंद गतीवरचा निर्वात, तो चढायला लागलेला वेळ आणि इंजिन बंद केल्यावर तो टिकलेला वेळ हे तीन आकडे जॉब कार्डावर लिहिले, आणि मजुरीखाली तपासणीची वेगळी रक्कम लावली, तर शोधाला रकाना मिळतो. शिवाय ब्लेड एका दिवसात झिजत नसल्यामुळे, ६५० वरून ६२०, ६२० वरून ५८० अशी उतरंड कागदावर दिसू लागते, आणि पंप गाडी पुढच्या खेपेला घाटाकडे निघण्यापूर्वी, गॅरेजातच उघडला जातो.