तळं, घुमट आणि सळईची रिंग

बाराव्या शतकात सोन्नलगीत, म्हणजे आजच्या सोलापुरात, शिवभक्त सिद्धराम तळं बांधवून घेत होते. पंधराव्या शतकातल्या ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात शिवशरण अल्लमप्रभू तिथं येतात आणि सिद्धरामांनाच आव्हान देतात. दगडमातीत गुंतलेल्याला आत्मज्ञान कधी होणार?

प्रश्न बोचरा आहे, आणि बराचसा खराही. ‘हे मी उभारलं’ ही भावना भक्ताला हळूच गिळते. पण ज्या शरणांनी, म्हणजे अल्लमप्रभूंच्या पंथातल्या शिवभक्तांनी, कायकाला, अंगमेहनतीच्या कामाला, पूजेची जागा दिली, त्यांच्यातही हा वाद व्हावा, यातच त्याची खोली कळते. सिद्धराम पुढे कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला, जाऊन शरणांना मिळाले. त्यांचं तळं सोलापुरात अजून आहे.

अल्लमप्रभूंचा आक्षेप सर्वांत जास्त लागू पडावा तो विजापूरच्या गोल घुमटाला. १६५६ मध्ये वारलेल्या मुहम्मद आदिलशहाची ही कबर. राजाच्या मोठेपणासाठीच बांधलेली. आत सुमारे ४१ मीटर बाजूचा चौरस, मध्ये एकही खांब नाही. चौरसावर गोल घुमट बसवायला कारागिरांनी एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानी उभारल्या. घुमटाचा रेटा भिंतींना बाहेर ढकलतो. कमानींमधून आत झुकलेल्या बांधकामाचं वजन त्याला उलट तोलून धरतं. हेतू राजाचा असला, तरी तोल साधताना मोठेपणाचा काही उपयोग नाही. तिथं एकही दगड एकट्याच्या बळावर टिकत नाही, आणि दगडाला राजा कोण हे ठाऊक नसतं.

हा तोल चुकला की काय होतं, ते या भागानं भोगलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातल्या भूकंपात हजारो माणसं स्वतःच्याच घरांखाली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती, त्यांवर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारं ते ओझं अंगावर आलं. त्यानंतर तरी भाराचा हिशेब ही निव्वळ तांत्रिक बाब म्हणता येत नाही. ती करुणेची बाब आहे.

भूकंपात टिकणाऱ्या काँक्रीट बांधकामासाठीचं भारतीय मानक १३९२० त्याच वर्षी निघालं. त्यानुसार कॉलमच्या उभ्या सळयांभोवतीच्या रिंगेचं टोक १३५ अंशांत वळवून काँक्रीटच्या गाभ्यात शिरवावं लागतं. ९० अंशांवर थांबलं तर काम लवकर उरकतं. पण हादऱ्यात बाहेरचं काँक्रीट फुटलं की तशी रिंग उघडते आणि उभ्या सळया वाकतात.

विजापूर रस्त्यालगतच्या जुळे सोलापुरात आता मजल्यांवर मजले चढत आहेत. फ्लॅट बघायला आलेलं कुटुंब फरशी पाहतं, नळ सोडून पाहतं. रिंगा तोवर काँक्रीटमध्ये गेलेल्या असतात. त्या शेवटच्या ४५ अंशांसाठी सळई वाकवणाऱ्याला कुणी शाबासकी देत नाही. त्याचं नावही त्या घरात कुणाला माहीत नसतं. अल्लमप्रभूंना जो ‘मी’ खुपत होता, त्याला या कामात जागाच उरत नाही. सिद्धरामांची बाजू इथं वरचढ वाटते.