आप्त कोण?

आपल्या बोलीत ‘आप्त’ म्हणजे नातलग. न्यायशास्त्रात या शब्दाचा अर्थ निराळा आहे. ज्याने वस्तू स्वतः यथार्थ जाणली आहे आणि जशी जाणली तशीच सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि त्याचेच वचन प्रमाण. या दोन अर्थांची गल्लत झाली की असत्य वार्तेला घराचे दार उघडे सापडते. व्हॉट्सॲपवर वार्ता येते. पाठविणारे मामा असतात, मेहुणे असतात. ते नात्याने आप्त खरे, पण सांगितलेली गोष्ट त्यांनी पाहिलेली नसते. त्यांच्यावरील प्रेमालाच आपण प्रमाण मानतो आणि ती वार्ता पुढे धाडतो.

याचा परिणाम काय होतो? २०१८ साली मुले पळविणाऱ्या टोळीची आवई देशभर उठली होती. १ जुलै रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध पुरुषांना जमावाने ठार मारले. त्याच काळात एक चित्रफीत फिरत होती. दुचाकीवरून आलेले दोघे एक मूल उचलून नेतात, एवढेच तीत दिसे. वास्तविक ती कराचीत बालकांच्या सुरक्षिततेविषयी लोकजागृतीसाठी केलेली होती. मूळ चित्रफितीत ते दोघे मूल परत आणून सोडतात आणि उपदेशाचा फलक दाखवितात. तो शेवट कोणीतरी कापून टाकला होता.

शेवट कापलेले सत्य किती घातक असते, हे महाभारताने दाखविले आहे. अश्वत्थामा मेला, ही भीमाची आरोळी द्रोणाचार्यांनी एकदम खरी मानली नाही. त्यांनी सत्यवादी युधिष्ठिराला विचारले. त्याने मृत्यूची वार्ता स्पष्ट सांगितली, मात्र ‘हत्ती’ हा शब्द अस्पष्ट उच्चारला. आचार्यांनी शस्त्र खाली ठेवले. कोणता अश्वत्थामा, हा एक प्रश्न विचारावयाचा राहिला! आणि भूमीला न टेकता चालणारा युधिष्ठिराचा रथ त्या क्षणी खाली आला.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. कोणाला उद्वेग न देणारे, सत्य, प्रिय आणि हितकर असे बोलणे म्हणजे ते तप. बोटाने पुढे धाडलेला मजकूर हीही आपली वाणीच होय. ‘मी लिहिले नाही, केवळ पाठविले’, हे समाधान तेथे चालणार नाही.

प्रस्तुत लेखकाचा व्यवसाय भाषांतराचा. मूळ पाहिल्यावाचून आणि मागचा-पुढचा संबंध जुळविल्यावाचून एक ओळही उतरवू नये, हे गुरुजींनी शिकविले. तरीही त्या वर्षी भयाची तशीच एक वार्ता माझ्याच हातून कुटुंबात गेली. दुसऱ्या दिवशी दारी आलेल्या गोसाव्याला घरून कोणी भिक्षा घातली नाही. तो मुकाट्याने परत गेला. ती रिकामी झोळी अद्याप विसरवत नाही.

म्हणून गृहस्थाने काही नियम पाळावेत. हे प्रत्यक्ष कोणी पाहिले? कोठे, केव्हा? मागचे-पुढचे काही गाळले आहे काय? असे प्रथम विचारावे. मजकूर वाचून क्रोध किंवा भय उसळले, तर तेवढ्यासाठीच थांबावे. क्रोधातून मोह आणि मोहातून बुद्धिनाश, हा क्रम भगवंतांनी दुसऱ्या अध्यायात सांगितलाच आहे. बालक खरोखर संकटात दिसले, तर ११२ किंवा १०९८ या क्रमांकावर कळवावे. शिक्षा करण्याचा अधिकार जमावाला नाही. आणि चूक झालीच, तर जेथे वार्ता पाठविली तेथेच ‘ती असत्य होती’ असे स्वतः लिहावे. हेच तिचे प्रायश्चित्त.

व्हॉट्सॲपने जुलै २०१८ मध्येच भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी मजकूर पुढे पाठविण्यावर बंधन घातले. परंतु पाचांना पाठविलेले असत्यही असत्यच असते. बाहेरचे बंधन संख्या कमी करील. वाणीचा संयम आपला आपणच केला पाहिजे. आपल्या नातलगांना आपण दोन्ही अर्थांनी आप्त व्हावे, हीच भगवच्चरणी प्रार्थना.